सिॲटल वीकेंड, दोन जिओकॅशिंग इव्हेंट, चौघी जणी: सल्ला हवाय (बजेट माणशी २०० डॉलर)

रिमझिम_हिल्सबरो
नमस्कार मंडळी. आम्ही चौघी मैत्रिणी पोर्टलंडजवळ हिल्सबरोला असतो, जिओकॅशिंगचा (जीपीएस वापरून लोकांनी लपवलेल्या पेट्या शोधायचा खेळ) नाद लागलाय सगळ्यांना. सप्टेंबरअखेर सिॲटलला शनिवारी संध्याकाळी एका पार्कात मीट अँड ग्रीट आहे आणि रविवारी सकाळी सिटो (म्हणजे जमून कचरा उचलायचा), दोन्हीकडे 'विल अटेंड' टाकून झालंय. आता एवढं जातोच आहोत तर ट्रायड पण उरकावं असं दोघींचं म्हणणं, म्हणजे या खेळातल्या तीन मानाच्या जागा: ओरेगनची पाटी (जगातली पहिली पेटी ठेवली तिथली), स्नोक्वाल्मी बोगद्याची एप कॅश नावाची पेटी आणि सिॲटलच्या फ्रीमाँटमधलं जिओकॅशिंगचं हेडक्वार्टर. राहायचं कुठे, वेगळं जीपीएस घ्यावं की फोन पुरतो, आणि एकीला अंधाराची जाम भीती वाटते तर बोगदा जमेल का? बजेट माणशी २००, सगळं धरून. प्लीज बजेट वाचा 🙏

गडकरी_बेलव्ह्यू
सगळ्यात आधी फोन विसरा. मी जीपीएसमॅप ६७ घेतलंय, पाचशेच्या आसपास पडतं पण आयुष्यभराची वस्तू आहे, पावसात चालतं, ग्लोव्ह्ज घालून बटणं दाबता येतात, झाडीत फोनचा बाण नाचत बसतो तेव्हा हे शांत असतं. राहायला बेलव्ह्यू डाउनटाउनला रहा, आम्ही नातेवाईक आले की तिथेच बुक करतो, ब्रेकफास्ट छान असतो.

ढगफुटी
काका तिने २०० लिहिलंय, सगळं धरून. तुमच्या यंत्राच्या बटणांतच संपले तिचे पैसे.

गडकरी_बेलव्ह्यू
चौघींत वाटून घेतलं तर माणशी सव्वाशेच होतात. आणि मी काका नाही.

कोपऱ्यातला_मायक्रो
रिमझिम, काही घेऊ नकोस. अँड्रॉइड असेल तर सी-जिओ ॲप टाक, फुकट आहे, ऑफलाइन नकाशे घरूनच वायफायवर उतरवून ठेव. अधिकृत ॲपवर फुकट खात्याला सोप्या पेट्याच उघडतात पण इव्हेंट दिसतात, त्यामुळे त्यासाठी प्रीमियम लागत नाही. आणि बोगद्यात तसंही पाचशेचं असो नाहीतर पाच हजारांचं, डोक्यावर डोंगर असला की एकही सॅटेलाइट दिसत नाही. तिथे लागतो तो हेडलॅम्प. प्रत्येकीला एक, एकीच्या फोनच्या टॉर्चवर चौघी नको.

बव्हेरियन_बटाटेवडा
तुम्ही लोक पार्कातल्या मीटबद्दल बोलताय, आम्ही २०१४ ला म्यूनिकला जगातला पहिला गिगा केलाय. पाच हजारांच्या वर माणसं हजर असली तर गिगा, पाचशेच्या वर असली तर मेगा, हे माहीत नसेल कुणाला तर. तिकडची शिस्त काय वर्णावी. ट्रॅकेबलची (कोड असलेल्या, हातोहात फिरणाऱ्या वस्तूंची) टेबलंच्या टेबलं मांडलेली, कोड टिपून घेता घेता हात दुखले. एकदा युरोपात या, सिॲटलमध्ये काय आहे.

ढगफुटी
सिॲटलमध्ये ती जातेय, एवढंच आहे.

सह्याद्री_ते_कॅस्केड्स
बोगद्याबद्दल बोलतो कारण तोच खरा विषय आहे. ती जुनी रेल्वेलाइन, १९८० ला गाड्या बंद पडल्या, आता चालायचा आणि सायकलचा रस्ता आहे. हायक नावाच्या ठिकाणाच्या बाजूने शिरायचं, २.३ मैल म्हणजे पावणेचार किलोमीटर निव्वळ काळोख, मग पलीकडे बाहेर पडून पुढे पेटी, आणि आलात तसेच परत. चालत एकीकडे तासभर तरी धरा. बाहेर टीशर्टवर फिरत असलात तरी आत हुडहुडी भरते, वरून पाणी टपकत असतं, त्यामुळे जॅकेट हवंच. १ नोव्हेंबर ते १ मे दारं बंद असतात, सप्टेंबर उत्तम. पार्किंगला डिस्कव्हर पास, दिवसाचा १० डॉलर, गाडीला एकच लागतो.
अंधाराच्या भीतीचं म्हणशील तर बोगदा सरळसोट आहे, पलीकडचं तोंड टाचणीच्या टोकाएवढं उजेडासारखं दिसत राहतं आणि गंमत म्हणजे कितीही चाललं तरी ते मोठं होत नाही. त्यानेच माणूस जास्त वैतागतो. मैत्रिणीला मधे चालायला लावा, कडेने नको. आमच्या ग्रुपमधला एक बहाद्दर, राजगडावर रात्री चढणारा, तिथे मात्र मोठमोठ्याने आरत्या म्हणत चालला होता.

कोपऱ्यातला_मायक्रो
+१ जॅकेटला. आणि ती पेटी २०११ ला चोरीला गेली होती, नंतर कॅश पुन्हा सुरू झाली. बाहेर पडल्यावर घाईत लॉग (पेटीतल्या वहीतली नोंद) न लिहिता परत फिरणारे पण बघितलेत मी. पेन न्या. प्रत्येकीचं वेगळं.

आजोळ_कोल्हापूर
हेडलॅम्प न्या, जॅकेट न्या, पेन न्या. आणि नॅनो म्हणजे अगदी इवलीशी पेटी मिळाली तर चिमटा. तो बोटाच्या नखाएवढा गुंडाळलेला कागद बाहेर येतो पण परत आत जात नाही, माझी बहीण एका बसस्टॉपवर पुंगळी वळत बसली होती आणि दोन मगल्स (हा खेळ माहीत नसलेले) आले, त्यांना वाटलं ही काहीतरी भलतंच वळतेय. 😂 पार्कातल्या मीटला खायला काय नेताय? भडंग न्या. आम्ही नेलं तर सगळ्यांनी रेसिपी मागितली.

इनरीचवाला
जीपीएसचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो, इनरीच किंवा कुठलंही सॅटेलाइट मेसेज पाठवणारं यंत्र घेतलं तर भारतात जाताना बॅगेत ठेवू नका. परवानगीशिवाय बाळगणं तिथे बेकायदा आहे, विमानतळावर अडवतात. माझ्या ओळखीतल्या एकाला गोव्यात तास न् तास बसवून ठेवलं. साधं जीपीएस वेगळं, हे वेगळं, पण अधिकाऱ्याला फरक कोण समजावणार.

ढगफुटी
अवांतर आहे पण उपयोगी.

गडकरी_बेलव्ह्यू
माझ्या यंत्राच्या 'आय' मॉडेलमध्येच ते असतं, माझं साधं आहे, मी दर वर्षी पुण्याला नेतो, कुणी काही विचारत नाही.

इनरीचवाला
विचारलं नाही म्हणजे चालतं असं नसतं, काका.

फ्रीमाँटची_मावशी
हेडक्वार्टरबद्दल कुणीच सांगत नाहीये म्हणून लिहिते. ते ऑफिस आहे, देऊळ नाही की कधीही दर्शन होईल. तुझे दोन्ही इव्हेंट शनिवार-रविवारी आहेत, त्यामुळे भेटीच्या वेळा त्यांच्या साइटवर बघूनच ये, आली आणि दार बंद असं नको. शुक्रवार सुट्टी काढता आली तर काढ. नाहीतर पुलाखालचा फ्रीमाँट ट्रोल बघ, १९९० पासून आहे, एका हातात खरीखुरी फोक्सवॅगन बीटल दाबून बसलाय. हा कधीही दिसतो.
आणि ओरेगनच्या पाटीसाठी वीकेंड कशाला घालवताय, ती तुमच्या अंगणात आहे गं. पोर्टलंडच्या दक्षिणेला, एस्टाकाडाच्या बाजूला. एखाद्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जाऊन या.

सह्याद्री_ते_कॅस्केड्स
मावशींना अनुमोदन. २ मे २००० ला अमेरिकन सरकारने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली, त्याआधी शंभर मीटर इकडेतिकडे व्हायचं, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मरने तिथे बादली पुरली. त्यात एक बीन्सचा डबा पण होता. तोच डबा नंतर सापडला आणि आता ट्रॅकेबल म्हणून इव्हेंटांत मिरवतो. कुणी आणला असेल तर दर्शन घ्या.

बव्हेरियन_बटाटेवडा
आमच्याकडे हे सगळं गिगात होतं.

रात्रपाळी
राहण्याचं: विमानतळाजवळ स्वस्त असतं, टुकविला, सीटॅक. आम्ही एका स्वस्त मोटेलात राहिलो होतो, नाव घेत नाही, रात्रभर वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं आणि सकाळी गिझर थंड. पण चौघींत एक खोली म्हणजे पैसे वाचतात हे खरं. गाडी घेऊनच जा, आय-५ वरून तीन तास, टॅकोमाला ट्रॅफिक लागलं तर देवच जाणे.

आजोळ_कोल्हापूर
गाडीच. +१. बोगद्याला दुसरं काही जातच नाही.

कोपऱ्यातला_मायक्रो
गाडी. पण एक सांगतो, इव्हेंटच्या पानावर तुझा 'विल अटेंड' लॉग आहे ना, त्याच लॉगमध्ये लिही की रविवारी सिटोनंतर चौघींना बोगद्याला जायचंय, कुणी येतंय का. या खेळातली माणसं पेटीसाठी कुठेही जायला तयार असतात, फक्त कुणीतरी विचारावं लागतं. आणि इव्हेंटला गेल्यावर कोपऱ्यात चौघीच गप्पा मारत बसू नका, नाहीतर हिल्सबरोचं अंगण काय वाईट होतं.

ढगफुटी
सिटोला ग्लोव्ह्ज देतात का तिकडे? आमच्याकडे संपतात.

कोपऱ्यातला_मायक्रो
आयोजकावर आहे. स्वतःचे न्या. इव्हेंटला लॉगबुकवर सही राहिली तरी चिंता नाही, हजर होतात एवढं पुरतं, ऑनलाइन 'अटेंडेड' टाका.

गडकरी_बेलव्ह्यू
सही झालीच पाहिजे. सही नाही तर लॉग नाही, हा नियम आहे.

कोपऱ्यातला_मायक्रो
पेटीला आहे. इव्हेंटला नाही. नियम वाचा.

रिमझिम_हिल्सबरो
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलंय ते सांगते, तुम्ही ओरडणार हे माहितीये. गाडी नाही, ट्रेन. चौघींपैकी दोघींनाच हायवेवर चालवता येतं आणि त्यातली एक बोगद्याच्या नुसत्या विचारानेच थकलीये. शनिवारी सकाळच्या गाडीने जातोय, साडेतीन तास पत्ते खेळत. जीपीएस घेत नाही, हेडलॅम्प चार घेतलेत. मायक्रोदादांनी सांगितलं तसं लॉगमध्ये लिहिलं, तर एका आजी-आजोबांनी त्यांच्या व्हॅनमधून बोगद्याला न्यायचं कबूल केलंय, डिस्कव्हर पास त्यांचाच, आम्ही पेट्रोल आणि भडंग द्यायचं. राहायला मैत्रिणीच्या मामेबहिणीच्या हॉलमध्ये, रेंटनला. पाटी येत्या बुधवारी. हेडक्वार्टर या वेळी सोडलं, शुक्रवारची सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे ट्रायड अर्धवट राहणार आणि दोघी माझ्यावर रुसल्यात.

रात्रपाळी
ट्रेन?? त्या मार्गावर मालगाड्यांपायी गाडी रखडते, परतीचं तिकीट रविवारी रात्री शेवटच्या गाडीचं काढू नका. सोमवारी ऑफिस आहे ना.

रिमझिम_हिल्सबरो
शेवटच्याच गाडीचं काढलंय. 🙈

गडकरी_बेलव्ह्यू
रेंटन माझ्यापासून जवळच आहे. बोगद्यानंतर उशीर झाला तर स्टेशनला सोडतो, व्यनि (खासगी निरोप) करा.