जांघेतली गाठ: तुम्हाला कुणाला झाली होती का?

शहापूरची माई: शेजारची पोरगी आज हळूच विचारत होती, "काकू, जांघेत गाठ आलीया, कुणाला दाखवू?" मला आत्याच आठवली. मांडीच्या अगदी वर, चिंचोक्याएवढी गाठ. खोकली की वर यायची, आडवी झाली की जायची. लाजेपायी बोलली नाही कुणाला. एका रात्री ती आत जाईना, उलट्या सुरू झाल्या. रातोरात ऑपरेशन. फेमोरल हर्निया, म्हणजे जांघेतल्या वाटेनं आतडं मांडीच्या वरच्या भागात उतरतं. हा पुरुषांपेक्षा बायकांनाच जास्त होतो, आणि वाट अरुंद म्हणून आतडं लवकर अडकतं. आमच्या घरात तर बायकांना हर्निया होतच नाही असं सगळे धरून चाललेले! लिहा गे, इथं लाजू नका.

खानापूरची सून: भाताच्या लावणीत आमच्याकडं अवधाण, म्हणजे पायाच्या जखमेमुळं जांघेत येणारी गाठ, ठरलेलं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, त्यातनं इन्फेक्शन वर चढतं. पाय बरा झाला की गाठ बसते. पण बिब्बा लावू नका हं. जावेची कातडी भाजून काळी पडलेली बघितलीय मी.

निपाणीकर: माझी गाठ पाळी आली की फुगायची, ठणकायची, नंतर कमी. काढून तपासायला पाठवली तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं बाहेर वाढतं ते. जांघेत पण होतं म्हणे, क्वचित.

वडगाव_वैनी: मला पोटुशी असताना आलेली. हर्निया म्हणून घाबरले, डॉपलर (रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी) केल्यावर कळलं नुसत्या फुगलेल्या शिरा. बाळंतपणानंतर गेली.

चिकोडीची आक्का: नणंदेची दुखत नव्हती म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं. टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातनं फुकट गोळ्या, सहा महिने. आता ठणठणीत. न दुखणारी, घट्ट, वाढत जाणारी गाठ असली तर थांबूच नका, कॅन्सर पण बघावा लागतो.

सांबऱ्याची: केस काढल्यावर केसतोड येतं ते वेगळं ना? मी दाबून फोडते

खानापूरची सून: अगं फोडू नकोस! शेक दे, नाही बसलं तर दाखव

वडगाव_वैनी: दाखवायचं खरं, पण काउंटरवर मोठ्यानं "एल्लि नोवु?" (कुठं दुखतंय?) असं कन्नडमध्ये विचारतात, मागं पुरुषांची रांग. मी कागदावर लिहून दिलं. लेडी सर्जन कोण बसतात काय बेळगावात?

निपाणीकर: माझं ऑपरेशन बाईंनीच केलं. मेसेज करते.

सांबऱ्याची: मला पण पाठवा. कन्नड येत नाही, सोबत कोण येईल?

चिकोडीची आक्का: गुरुवारी मी बेळगावात आहे. बसस्टँडवर थांब, जाऊया दोघी.