द्राक्षाचा बेदाणा करून विकणं परवडेल का?

प्रश्न: आमची तासगावजवळ दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे, यंदा व्यापारी दर पाडून मागतायत, तर शेड भाड्याने घेऊन बेदाणा करावा का? कुणी केलंय का?

मिरजकर: करा, पण आधी गोडी तपासा. ब्रिक्स (गोडीचं माप) 22 च्या वर पाहिजे, नाहीतर उतारा मार खातो. साधारण 4 किलो द्राक्षाला 1 किलो बेदाणा धरा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून रॅकच्या जाळीवर पातळ पसरायचे, दाट टाकले की खालचा माल काळा पडतो आणि मग सौद्यात कुणी विचारत नाही.

शेतकरी_पोरगा: अवकाळीचं बघा भाऊ, शेडला बाजूने कागद हवाच. आणि सगळा माल लगेच विकायला काढू नका, कोल्ड स्टोरेजला ठेवला तर हिरवा रंग टिकतो.

ताई_सांगली: पॅकिंग करून स्वतःच्या नावाने विकणार असाल तर एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी लागते. मशीनसाठी पीएमएफएमई या केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेची कृषी खात्यात चौकशी करा, त्यात 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख, पण बँकेचं कर्ज घ्यावं लागतं.