कटिंग मॅटच्या खाचांत अडकलेले तंतू कसे काढावेत?

प्रश्न
कागद आणि कापड या दोन्ही कामांसाठी मी एकच कटिंग मॅट (कापताना खाली ठेवायची जाड चटई) वापरते. अलीकडे रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा कटर) फिरवला की कापडाचे तंतू मॅटच्या खाचांत रुतून बसतात, तिथे पांढरट रेघ उमटते आणि त्या जागी पुढचे कापड नीट कापले जात नाही. एका कोपऱ्यात वाळलेला गोंदही आहे. मॅट गरम पाण्याने धुतली किंवा थिनरने पुसली तर चालेल का?

उत्तर १
कृपया दोन्ही टाळावे. या मॅट बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकच्या थरांच्या असतात. उष्णतेने त्या वाकतात आणि एकदा वाकलेली मॅट पुन्हा पूर्ण सपाट होईलच, याची खात्री नसते. थिनरने छापलेल्या रेघा पुसट होतात आणि पृष्ठभागही खराब होतो.

तंतूंसाठी पांढरे खोडरबर उत्तम. मॅट कोरडी असतानाच ते खाचेवर आडवे घासावे, म्हणजे रबराच्या चुऱ्याबरोबर तंतू गुंडाळले जाऊन वर येतात. मग कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने हलकेच घासावे, स्वच्छ पाण्याने धुवावे, टिपून घ्यावे आणि मॅट सावलीत, सपाट जागी वाळू द्यावी. गोंदावर ओले फडके थोडा वेळ ठेवल्यास तो मऊ पडतो व नखाने सुटतो. पात्याने खरवडू नये.

उत्तर २
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु मूळ कारण बहुधा कटरमध्ये आहे. पाते बोथट झाले की ते तंतू तोडण्याऐवजी खाचेत कोंबते, आणि मग आपण आणखी जोर लावतो, त्यामुळे खाच अधिकच खोल जाते. मॅट ‘भरून येते’ असे आपण म्हणतो, तेव्हा बारीक खाचेच्या कडा पुन्हा मिटतात, एवढेच घडत असते. मध्ये तंतू अडकलेला असेल तर त्या मिटणार कशा? म्हणूनच तंतू काढणे ही केवळ स्वच्छता नव्हे, मॅटचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. कागदाने पाते लवकर बोथट होते, तेव्हा कापडासाठी वेगळे पाते राखून ठेवावे आणि दर वेळी त्याच रेघेवर न कापता मॅट फिरवून घ्यावी.

प्रश्नकर्ती
खोडरबराने बरेच तंतू निघाले, आभारी आहे. कागद-कापड कापून देणाऱ्या यंत्राच्या चिकट मॅटलाही हीच पद्धत चालेल का?

उत्तर १
नाही. तिथे चिकटपणा हाच मॅटचा मुख्य गुण असल्याने खोडरबर व जोराचे घासणे दोन्ही नको. कागदाचे कपटे चिकट पट्टीने टिपून काढावेत आणि काम झाल्यावर मॅटचे पारदर्शक आवरण लगेच परत लावावे.

उत्तर ३
साठवणुकीबद्दल एक सूचना: मॅट भिंतीला टेकवून ठेवल्यास हळूहळू बाक येतो, तेव्हा ती आडवी ठेवावी किंवा सरळ टांगावी. तिच्यावर इस्त्री किंवा चहाचा गरम कप कधीही ठेवू नये.