पथ्यापेक्षा उन्हाला जपा
मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचातलं न दिसणारं रक्त शोधतात, त्या शौचतपासणीआधी तीन दिवस मटण, मुळा, बीट बंद ठेवा, असं सांगितलं जातं. ते पथ्य जुन्या ग्वायाक तपासणीचं, तिला खाण्यातल्या अशा पदार्थांनीही चकवा बसतो. नवी फिट (FIT) तपासणी माणसाच्याच हिमोग्लोबिनमधलं (रक्तातल्या लाल घटकातलं) ग्लोबिन हे प्रथिन ओळखते, म्हणून भरीत-भाकरी, शेवभाजी, मटण खुशाल खा. आपल्याकडे खरी अडचण उन्हाची. नमुन्यातलं हिमोग्लोबिन उष्णतेनं मोडतं आणि रक्त असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. इटलीतसुद्धा उन्हाळ्यात पॉझिटिव्ह निकाल कमी येतात असं आढळलंय. भुसावळात तर मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. गाडीच्या डिकीत दुपारभर तापलेल्या नमुन्याच्या नळीवर काय भरवसा ठेवायचा?

शौच कोरड्या कागदावर घ्या, भांड्यातलं पाणी लागू देऊ नका. नळीसोबतची काडी शौचात चार-पाच ठिकाणी फिरवा. तिच्या खाचा भरल्या की पुरे, गोळा चिकटला तर मोजमाप चुकतं. नळी घट्ट लावून पिशवीत घाला, फ्रिजमध्ये ठेवा (बर्फाच्या कप्प्यात नको) आणि ऊन चढायच्या आत लॅबला द्या. पॉझिटिव्ह आला तर ‘मूळव्याधच असेल’ म्हणून पुन्हा फिट करत बसू नका, कोलोनोस्कोपीच (मोठ्या आतड्याची कॅमेऱ्यानं तपासणी) करून घ्या. पुढे कॅन्सर होऊ शकणारे पॉलिप (आतड्यातले कोंब) बहुतेकदा त्याच वेळी काढता येतात.