सीमेवरचं रोजचं जगणं

भारत-पाकिस्तान सीमेजवळच्या भागात माणसं सतत भीतीत जगत असतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. अमृतसरजवळ अटारीच्या पट्ट्यात मी दोन वर्षं कामानिमित्त राहिलो, म्हणून थोडी भर घालतो. भीती असते, पण प्रसंगी. रोजचा त्रास वेगळाच आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पंजाबातलं काटेरी कुंपण प्रत्यक्ष सीमारेषेवर नाही, ते बरंच आत, भारताच्या बाजूला आहे. त्यामुळे अनेकांची शेतं कुंपणापलीकडे राहिली. तिथे जायचं तर सीमा सुरक्षा दलाचं ओळखपत्र लागतं, फाटक ठरलेल्या वेळी उघडतं, ट्रॅक्टरचीही झडती होते. ऊस, मका अशी उंच पिकं घेता येत नाहीत, कारण जवानांची नजर अडते. मग गहू आणि भात. भाताला रात्री पाणी द्यायची वेळ आली तरी फाटक बंदच.

माझे घरमालक सत्तरीचे. ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पगडीच्या घडीत ठेवायचे. घामाने भिजू नये म्हणून.

अटारी सीमेवरचा संध्याकाळचा ध्वजसोहळा शहरात सगळ्यांना माहीत असतो. पण 2019 मध्ये पाकिस्तानशी व्यापार थांबला तेव्हा अटारीच्या तपासणी नाक्यावरच्या हमालांचं, ट्रकवाल्यांचं आणि ढाबेवाल्यांचं काय झालं, हे कितीजणांनी विचारलं? त्या घरांत चुली मंदावल्या होत्या, मी पाहिलंय. कुंपणापलीकडच्या शेतांचा मोबदला तरी दरवर्षी वेळेवर मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.