मदत हवी आहे: हिरवा पडदा काढला की नवरीचा हिरवा चुडाच गायब होतोय

सेलूचा_स्टुडिओ
लवकर सांगा कुणीतरी, सकाळपासून ह्यालाच बसायलोय. नवरीचा फोटो हिरव्या पडद्यासमोर घेतलाय, मागं देवगिरी किल्ला लावायचाय. पडदा सिलेक्ट करून काढला की बांगड्या पण जायल्यात. मनगटाला नुसती भोकं, त्यातून किल्ल्याचे दगड दिसायलेत. पांढऱ्या ब्रशनं चुडा परत आणायला गेलो तर हाताला पांढरा रंगच लागायलाय. उद्या सकाळी फ्लेक्सवाल्याला फाईल द्यायचीय, ८ बाय १० फूट.

नांदेडकर
सॉफ्टवेअर कोणतं? सिलेक्शन कशानं केलं?

सेलूचा_स्टुडिओ
फोटोशॉपच की. कलर रेंजनं, हिरव्यावर क्लिक केलं की सगळं हिरवं एकदम निवडलं जातं.

लातूरची_लेक
दादा, कलर रेंज काहून वापरता? सिलेक्ट सब्जेक्ट दाबा, नवरी बांगड्यांसकट उचलली जाते. मी लग्नाचे, बारशाचे सगळे फोटो तसेच करते. हाताला थोडं सुधारावं लागतं, बस.

सेलूचा_स्टुडिओ
ताई, ते बटणच नाही माझ्याकडं. सगळे मेनू धुंडाळले.

नांदेडकर
मग व्हर्जन सांगा ना राव!

सेलूचा_स्टुडिओ
सीएस ६.

नांदेडकर
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं. सीएस ६ आलं २०१२ ला, सिलेक्ट सब्जेक्ट आलं २०१८ ला. दिसणार कुठून?

पेनटूल_पक्का
बटणाच्या नादी लागूच नका. पेन टूल घ्या, २०० टक्के झूम करा आणि नवरीभोवती पाथ, म्हणजे कडेची रेघ काढा. मी वीस वर्षं हेच करतोय, एकही फोटो परत आलेला नाही.

लातूरची_लेक
आणि केस? कपाळावरच्या बटा पेननं काढल्या की नवरी कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी दिसते. सगळ्यावर एकच औषध चालत नाही.

पेनटूल_पक्का
केसांचं मी बोललोच नाही. बांगडीची कडा टणक असते, तिथं पेनच लागतो.

परतूरकर
माझा पण प्रश्न आहे. पासपोर्ट फोटोला मागचं पांढरं करायचं असेल तर? ३५ बाय ४५ मिलिमीटरमध्ये चेहरा किती ठेवायचा?

नांदेडकर
परतूरकर, वेगळा धागा काढा. सेलू, मला शंका आहे ती ही: कलर रेंज केल्यावर तुम्ही डिलीट दाबलं का?

सेलूचा_स्टुडिओ
हो, मग पडदा जाणार कसा?

नांदेडकर
तिथंच घोळ आहे. डिलीट केलं की बांगड्या फाईलमधून खरंच गेल्या. मास्क, म्हणजे फोटोवरचं झाकण, लावला तर त्या नुसत्या झाकल्या जातात: त्यावर काळं लपवतं, पांढरं दाखवतं. तुमच्याकडं मास्कच नाही, म्हणून पांढरा ब्रश फोटोवर चालायलाय. मूळ फोटो आहे ना?

सेलूचा_स्टुडिओ
कार्डवर आहे, देवाची कृपा.

नांदेडकर
मग तो नव्यानं उघडा, लेयरचं कुलूप काढा. आधी दोन्ही मनगटांभोवती लॅसो, म्हणजे हातानं फिरवून निवडायचं टूल, फिरवा, सैलसर. सिलेक्शन उलटं करा, म्हणजे मनगटं सोडून बाकी सगळं निवडलं जाईल. आता कलर रेंज लावली की ती फक्त चालू सिलेक्शनच्या आत शोधते, चुड्याला हात लावत नाही. ओके केल्यावर ऑल्ट धरून मास्कचं बटण दाबा. पडदा झाकला जाईल. मनगटाशेजारी पडद्याचा तुकडा उरेल, तो लेयरशेजारच्या मास्कच्या छोट्या चौकटीवर क्लिक करून काळ्यानं भरा. चौकटीला कडा दिसली नाही तर ब्रश परत फोटोवरच चालेल, एवढं बघा.

पेनटूल_पक्का
आणि दोन बांगड्यांच्या मधल्या फटीत दिसणारा पडदा? तिथं काच पण हिरवी, कापड पण हिरवं. काचेवरच्या चकाकीचा अंदाज धरून पाथ काढावाच लागतो.

नांदेडकर
मान्य. तेवढ्या फटी पेननंच करा. पाथ झाला की कंट्रोल एंटर, सिलेक्शन होतं.

जुना_डार्करूमवाला
पोरांनो, आपल्याकडच्या नवरीला हिरवा चुडा असणारच, मग तिला हिरव्या पडद्यासमोर उभी करायचीच कशाला? डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे असतात, कोडॅक कंपनीच्या बायर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली रचना आहे ती. म्हणून हिरव्याचा पडदा साफ निघतो, हे खरं. पण लग्नाच्या फोटोला साधा करडा पडदा ठेवा.

लातूरची_लेक
काका, फोटो निघालाय आता. दादा, गजऱ्यावर हिरवी झाक आली असेल ना? कडा सुधारायच्या रिफाइन एजमध्ये डिकन्टॅमिनेट कलर्सवर टिक करा, सीएस ६ मध्ये आहे ते. आउटपुट नवीन लेयर, मास्कसहित. आणि पीएसडी, फोटोशॉपची स्वतःची फाईल, ठेवा हो, जेपीजी केली की मास्क संपला.

नांदेडकर
किल्ल्याचा फोटो किती मोठा आहे? मोबाईलवर कुणी पाठवलेला असला तर १० फुटांच्या फ्लेक्सवर दगडांचा नुसता चिखल दिसेल.

सेलूचा_स्टुडिओ
आत्ताच केलं. चुडा आला! एकूण एक बांगडी. नवरीची आई दुपारीच म्हणून गेली होती, ‘लेकीच्या हातात चुडा नाही असा फोटो मांडवात नको लावू बाबा.’ लई जिवाला लागलं होतं. डाव्या हाताच्या फटी पेननं करायलोय, अकरा झाल्या, सात राहिल्या. गजऱ्याची झाक पण बरीच गेली. किल्ल्याचा फोटो मात्र नवरदेवानं मोबाईलवरच पाठवलाय. संभाजीनगरच्या कुणाकडं कॅमेऱ्यातला मोठा असेल तर रात्री बारापर्यंत द्या, फ्लेक्सच्या कोपऱ्यात तुमचं नाव टाकतो.