वॉर्डातल्या नर्स आणि समुपदेशकांना सीबीटीची (विचार-वर्तन उपचारपद्धतीची) मूलभूत कौशल्यं: दोन दिवसांत काय बसतं?

जिल्हा_मानस
मानसिक आरोग्य विभागात 12 जण आहेत: नर्स, समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक. सलग दोन दिवस आणि पुढे दर महिन्याला अर्धा दिवस मिळणार आहे. विचारांची नोंद (मनात आलेले विचार लिहून तपासायचा तक्ता) वर्गात सगळे झकास भरतात. पेशंटसमोर बसले की मात्र गाडी "टेन्शन घेऊ नका, पॉझिटिव्ह राहा"वर येते. काय ठेवू, काय गाळू?

रेवा_क्लिनिकल
विचार तपासणं आत्ता गाळाच. बिहेविअरल ॲक्टिव्हेशनपासून, म्हणजे पेशंटला छोट्या ठरवलेल्या कृतींकडे पुन्हा वळवण्यापासून, सुरू करा. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेचा नैराश्यासाठीचा हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम त्यावरच उभा आहे: 6 ते 8 सत्रं, प्रत्येकी 30-40 मिनिटं, आणि सत्रं घेणारे प्रशिक्षित पण बिगर-तज्ज्ञ समुपदेशक. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे चांगले निष्कर्ष छापून आले.

पहिला दिवस एकाच आराखड्याला द्या: प्रसंग, विचार, भावना, शरीर, वर्तन. "नेहमी असंच होतं" हे उत्तर घ्यायचं नाही. काल किती वाजता, कुठे होतात, सोबत कोण होतं, ते विचारायचं. तिघांचे गट करा, 10 मिनिटं सराव, 5 मिनिटं अभिप्राय. निरीक्षकाने फक्त मोजायचं: प्रश्न किती, सल्ले किती. स्वतःच्या सल्ल्यांचा आकडा दिसला की जीभ आपोआप आवरते.

दुसरा दिवस गृहपाठाचा. "रोज चालत जा" हा गृहपाठ नव्हे. "मंगळवारी सकाळी सातला, मारुतीच्या देवळापर्यंत, इच्छा असो वा नसो" हा गृहपाठ. आड काय येईल तेही तिथेच विचारून घ्या. पुढच्या भेटीत पहिल्या पाच मिनिटांत तो पाहिलाच पाहिजे. एकदा विसरलात की पेशंटही सोडून देतो.

गावखाते
लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी दिवसभरात काय केलं याच्या तक्त्यावर सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन चित्रं पुरतात. 0 ते 10 गुण द्यायला वयस्कर पेशंट गोंधळतात. "रुपयात किती आणे बरं वाटलं?" याचं उत्तर लगेच येतं. 'बरं वाटलं' आणि 'जमलं' हे दोन आकडे वेगळे घ्या. नैराश्यात पहिला शून्यावर असतानाही दुसरा चार आण्यांवर जातो, आणि बोलायला तेवढं पुरतं.

तिसरा_कप
रेवाताई, विचारांचं काम फार लांबवू नका, तिसऱ्या महिन्यात घ्याच. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडक्यांमुळे अनेकांना अल्बर्ट एलिसची अविवेकी विचारांना आव्हान देण्याची पद्धत ठाऊक असते, म्हणून ते थेट वादात उतरतात: "हा विचार विवेकी आहे का?" नवख्याच्या तोंडी ते दटावणं होतं. पेशंट मान डोलावतो आणि घरी जातो. सीबीटीचा पाया घालणाऱ्या ॲरन बेकच्या वळणाने विचाराचा पुरावा त्याच्याकडूनच काढा. शिवाय नोंदीत "माझ्याच बाबतीत का?" असे प्रश्न येतात, प्रश्न तपासता येत नाही. त्यामागचं विधान, समजा "मी कुणालाच नकोय", आधी वर आणा.

आणि पीएचक्यू-9 या नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. उत्तर शून्य नसेल तर ठरलेलं सत्र बाजूला. योजना आहे का, साधन हाताशी आहे का, स्पष्ट विचारायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 सोबत द्या, पण त्याच्या भरवशावर घरी पाठवू नका.

जिल्हा_मानस
आभार. दरमहाच्या अर्ध्या दिवसात काय घेऊ?

रेवा_क्लिनिकल
नवं काहीच नको. लेखी संमती घेऊन केलेलं एका सत्राचं रेकॉर्डिंग, त्यातली 10 मिनिटं सगळ्यांनी मिळून ऐका. आधी प्रत्येकाने सत्र घेणाऱ्याच्या कौशल्याला स्वतंत्र गुण द्यायचे, मग चर्चा. नाहीतर सीनियर सिस्टर म्हणतील तेच सगळे लिहितात. बायपोलर (उन्माद आणि नैराश्याचे झटके येणाऱ्या) पेशंटची केस आली तर झोप कमी होतेय का, ते पहिलं विचारा. तिथे सक्रियता वाढवणं अंगाशी येऊ शकतं.